रात्रीचा अल्हाम्ब्रा: तिकिटापासून परतीच्या उतरणीपर्यंत

स्पेनला निघालेले ओळखीचे लोक हटकून एक प्रश्न विचारतात: "ग्रानादाला जातोय, अल्हाम्ब्रा दिवसा बघू की रात्री?" एका वाक्यात सांगायचं तर, पहिल्यांदाच जाताय आणि एकच फेरी शक्य आहे, तर दिवसा बघा. ग्रानादात दोन दिवस असतील, तर दिवसा बघून झाल्यावर रात्रीही जा. रात्रीचं तिकीट ही दिवसाच्या तिकिटाची स्वस्त आवृत्ती नाही. रात्री कमी भाग उघडा असतो, वेळ कमी असतो, रंग कमी दिसतात. पण भिंतींवरचं कोरीव काम आणि हौदातलं पाणी रात्री जे दाखवतं, ते दुपारच्या गर्दीत कुणालाच दिसत नाही.

ज्यांना जागेची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ग्रानादा शहराच्या डोक्यावर साबिका नावाची टेकडी आहे. तिच्यावर १२३८ पासून नासरी घराण्यातल्या मुस्लिम सुलतानांनी किल्ला, राजवाडे आणि बागा असं एक अख्खं राजनगर उभं केलं. आज आपण जे महाल पाहतो ते मुख्यतः चौदाव्या शतकातले, पहिला युसुफ आणि पाचवा मुहम्मद या दोघांच्या काळातले. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटच्या सुलतानाने, म्हणजे बोआब्दिलने, हे सगळं इसाबेला आणि फर्डिनांड या ख्रिस्ती राजाराणीच्या स्वाधीन केलं. त्यानंतर चारच महिन्यांत, ग्रानादाजवळच्या सांता फे गावात, याच राजाराणीने 'इंडीज'ची वाट शोधायला निघालेल्या कोलंबसाशी करार केला. ती वाट आपल्याकडे यायची होती.

आता कामाचं.

१. रात्रीची तिकिटं दोन आहेत, आधी ती ओळखा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. 'अल्हाम्ब्रा नाइट व्हिजिट' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे नासरी महालांची रात्रभेट. स्पॅनिशमध्ये 'पालासिओस नासरिएस'. कोमारेस महाल, सिंहांचा चौक, मुकर्नासचे (कोनाड्यांच्या थरांचे) घुमट हे सगळं यात येतं. तुमच्या डोक्यात अल्हाम्ब्राचं जे चित्र आहे ते बहुधा इथलंच.

दुसरी आहे बागांची आणि हेनेरालीफेची रात्रभेट. हेनेरालीफे म्हणजे सुलतानांचा उन्हाळी महाल. कारंज्यांची ओळ, सरूच्या झाडांच्या वाटा, पाण्याचा आवाज. सुंदर आहेच, पण या तिकिटावर सिंहांचा चौक दिसत नाही.

दोन्ही तिकिटांत अल्काझाबा, म्हणजे टोकावरचा जुना लष्करी किल्ला, येत नाही. तिथून दिसणारं शहर बघायचं तर दिवसाच जावं लागतं. एकच घ्यायचं असेल तर नासरी महालांचं घ्या, माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या रात्री नासरी महाल आणि दुसऱ्या दिवशी बागा, हेनेरालीफे व अल्काझाबा असं जोडतिकीटही असतं. तुमच्या तारखांना ते उपलब्ध असेल तर त्याचा आधी विचार करा. पण त्यात महालांचे रंग दिवसाउजेडी बघायचे राहतात, हे लक्षात ठेवून.

टूर कंपनीकडून घेत असाल तर एकच प्रश्न विचारा: "यात नासरी महाल आहेत का?" उत्तर गोलमोल आलं तर ते बागांचं तिकीट आहे असं धरून चाला.

२. तारीख निवडताना सूर्यास्त बघा

नासरी महालांच्या रात्रभेटीचं वर्ष दोन भागांत विभागलेलं आहे. १ एप्रिल ते १४ ऑक्टोबर या काळात मंगळवार ते शनिवार, रात्री १० ते ११:३०. १५ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात फक्त शुक्रवार आणि शनिवार, रात्री ८ ते ९:३०. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत रविवार-सोमवार धरून ग्रानादाला पोहोचलात, तर रात्रभेट नाहीच. बागांची रात्रभेट याहून मोजक्या काळात असते: वसंतात एप्रिल-मे, नंतर १ सप्टेंबर ते १४ नोव्हेंबर. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना दोन्ही मिळू शकतात, जून-जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना बागांची मिळत नाही. २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला सगळंच बंद असतं. वेळापत्रक बदलू शकतं, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर एकदा ताडून घ्या.

आता सूर्यास्त. आपल्याकडे सात वाजता अंधार पडायची सवय असते. ग्रानादात जूनच्या अखेरीस सूर्य मावळतो तोच रात्री साडेनऊच्या पुढे. त्यामुळे तेव्हा १० वाजता आत शिरलात तर आकाश काळं नसतं, गडद निळं असतं. चौकात उभं राहून वर बघायला हा सगळ्यात सुंदर काळ, आणि उन्हाळ्यात पहिलीच वेळ मिळाली तर ती सोडू नका. पूर्ण काळोख हवा असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात जा. हिवाळ्यात आठ वाजेपर्यंत मिट्ट काळोख असतो आणि गर्दीही कमी, पण थंडी कडाक्याची. ग्रानादा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे, मागे सिएरा नेवादाचा बर्फ आहे, आणि महालांचे चौक उघडे आहेत.

३. तिकीट काढणं

तिकीट ऑनलाइन काढा, आणि जितकं आधी काढता येईल तितकं. नासरी महालांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, त्यामुळे वसंतातल्या आणि शरदातल्या तारखा लवकर संपतात. "तिथे गेल्यावर बघू" हे इथे चालत नाही.

संस्थेचं नाव 'पॅत्रोनातो दे ला अल्हाम्ब्रा ई हेनेरालीफे'. तिच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात 'अल्हाम्ब्रा-पॅत्रोनातो' हे शब्द आणि शेवटी 'डॉट ईएस' असतं. शोध घेतला की सगळ्यात वर जाहिराती येतात. त्यांची नावं अधिकृत वाटावीत अशी असतात आणि किंमत दुप्पट-तिप्पट असते. पत्ता वाचल्याशिवाय कार्डचा नंबर टाकू नका.

तिकीट नावावर असतं आणि फॉर्ममध्ये प्रत्येकाचं नाव व पासपोर्ट क्रमांक भरावा लागतो. आपली मराठी नावं इथे अडचण करतात. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या ओळीत स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. काहींच्या पासपोर्टवर आडनावाची ओळ रिकामी असते. एखादीचं आडनाव पासपोर्टवर लग्नाआधीचं, बँकेत लग्नानंतरचं. नियम एकच ठेवा: पासपोर्टवर जसं छापलंय तसंच. स्पॅनिश फॉर्ममध्ये आडनावाचे दोन रकाने दिसले तर घाबरू नका, तिथे माणसाला आई आणि वडील अशी दोन्हींकडची आडनावं असतात. दुसरा रकाना सक्तीचा नसेल तर रिकामा सोडा. लहान मुलांनाही बुकिंगमध्ये धरा, "कडेवर आहे" म्हणून आत सोडत नाहीत.

पैसे भरताना दोन अडचणी येतात. कार्डवर परदेशी व्यवहार सुरू केलेले नसतात, किंवा तुम्ही आधीच युरोपात पोहोचलेले असता आणि ओटीपी भारतातल्या बंद सिमवर जातो. तिकीट घरून निघण्याआधी काढलं की दोन्ही सुटतात.

मग व्हिसाचं काय? तिकीट एकदा घेतलं की बदलून किंवा परत मिळत नाही असं धरून चाला. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा अर्ज लवकर करा आणि व्हिसा हातात आल्यावर तिकीट घ्या, हा सरळ मार्ग. तारखा भराभर संपताना दिसल्या तर मात्र मी व्हिसाची वाट न बघता तिकीट घेईन. विमानाच्या भाड्यापुढे ही रक्कम फार लहान आहे.

४. सोबत काय न्यायचं

- मूळ पासपोर्ट. फाटकावर तिकिटाशी ताडून बघतात. झेरॉक्स किंवा फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.
- तिकीट, फोनमध्ये उतरवून ठेवलेलं. शक्य असेल तर एक छापील प्रतही.
- तळाला पकड असलेले बूट. वरची वाट चढाची आहे, खाली दगड बसवलेले आहेत, आतली संगमरवरी फरशी गुळगुळीत झालेली आहे.
- उन्हाळ्यातही एक पातळ जाकीट किंवा शाल. हिवाळ्यात कानटोपी आणि हातमोजे.
- छोटी पिशवी. मोठी सॅक, सामान, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक हॉटेलवरच ठेवा.

पासपोर्ट आतल्या खिशात ठेवा, विशेषतः प्लासा नुएवा चौकातल्या गर्दीतून जाताना.

५. ग्रानादात पोहोचणं आणि मुक्काम

माद्रिदहून थेट वेगवान रेल्वे आहे, साधारण साडेतीन तास धरा. मालागाहून बसने दोनेक तासांत येता. रात्रभेट असेल त्या दिवशी मुक्काम ग्रानादातच हवा. "मालागाहून येऊन रात्री परत" हे गणित कागदावर जुळतं, प्रत्यक्षात शेवटच्या गाडीच्या काळजीत महाल बघायचा राहून जातो. प्लासा नुएवाच्या आसपास किंवा रेआलेहो भागात खोली घ्या, म्हणजे उतरून पायी घरी जाता येईल.

६. टेकडी चढणं आणि योग्य दरवाजा गाठणं

नासरी महालांच्या रात्रभेटीसाठी टेकडीच्या वरच्या टोकाला असलेल्या मुख्य तिकीटघराशी जायची गरज नाही. तिथून महाल चालत पंधरा मिनिटांवर आहेत. तिकीट हातात असेल तर थेट 'पुएर्ता दे ला हुस्तिसिया', म्हणजे न्यायद्वार, गाठा. बागांच्या रात्रभेटीसाठी मात्र वरचं मुख्य प्रवेशद्वारच.

पायी जायचं तर प्लासा नुएवातून 'क्वेस्ता दे गोमेरेस' ही गल्ली चढायला लागा. गिटारं बनवणाऱ्यांची दुकानं मागे पडली की डाळिंबांची कमान लागते (ग्रानादा म्हणजे डाळिंब, शहराच्या चिन्हातही तेच). कमानीतून आत शिरल्यावर झाडीतली डावीकडची वाट धरा. वीस मिनिटं धरा, गुडघे दुखत असतील तर तीस. आईवडील सोबत असतील तर प्लासा इसाबेल ला कातोलिकाहून सी-३० ही छोटी बस वर जाते, किंवा टॅक्सी करा.

न्यायद्वारापाशी पाच मिनिटं हातात ठेवा. १३४८ सालचं हे द्वार. बाहेरच्या कमानीच्या माथ्यावर कोरलेला हाताचा पंजा आहे आणि आतल्या कमानीवर किल्ली. दिव्यांच्या प्रकाशात मान वर करून शोधा, दोन्ही सापडतात. आतली वाट सरळ जात नाही, आपल्या गडांच्या गोमुखी दरवाजांसारखी वळणं घेत चढते, आणि कारणही तेच: शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये.

तिकिटावर छापलेली वेळ ही नासरी महालांत शिरायची वेळ आहे, टेकडीवर पोहोचायची नाही. अर्धा तास आधी वर असा. स्वच्छतागृहाचं काम आत शिरण्याआधी उरका, महालांच्या आत सोय नाही. वेळ उरला तर शेजारीच पाचव्या चार्ल्सचा, म्हणजे इसाबेला-फर्डिनांडच्या नातवाचा, राजवाडा आहे. बाहेरून चौरस, आत गोल अंगण. नासरी महालांना खेटून बांधलेली ही दगडी इमारत मला कधीच आवडली नाही, पण आत शिरण्याआधी ती बघावी. विजेत्यांची शैली आणि पराभूतांची शैली यांतला फरक तिथे उभ्या उभ्या कळतो.

७. आत गेल्यावर

तुमच्या वेळेची माणसं एकत्र आत सोडतात, आणि सगळी घाईने पुढे निघतात. तुम्ही पहिल्याच दालनात, मेक्सुआरमध्ये, भिंतीपासून हातभर अंतर राखून बाजूला थांबा आणि त्यांना जाऊ द्या. आत शिरण्याची वेळ ठरलेली आहे, बंद होईपर्यंत बाहेर पडण्याची सक्ती नाही. दहा मिनिटं मागे राहिलात की पुढचे चौक बरेच मोकळे मिळतात. वाट साधारण एकाच दिशेने जाते, मागे फिरता येईल असं धरू नका. जिथे थांबायचं तिथे थांबूनच घ्या.

दीड तासात सगळं बघायचा हट्ट धरू नका. मी तीन जागा सुचवतो.

पहिली, कोमारेस महालाची दर्शनी भिंत. मेक्सुआरनंतर एक लहानसा चौक लागतो, त्यात समोर दोन सारखी दारं असलेली उंच भिंत. सुलतान इथे बसून लोकांना भेटत असे. ही भिंत पाचव्या मुहम्मदाच्या काळात, १३७० च्या सुमारास उभी राहिली. दिवसा मोकळ्या उजेडात नक्षी सपाट दिसते. रात्री खालून तिरपा प्रकाश असतो. त्यात प्रत्येक पानाच्या कडेला सावली पडते, अक्षरं वेलीतून सुटी होऊन पुढे येतात. हे सगळं काम दगडात नाही, चुना-जिप्समच्या गिलाव्यात केलेलं आहे, आणि त्यात एकच अरबी वाक्य पुन्हा पुन्हा आलंय: ईश्वरावाचून दुसरा विजेता नाही. नासरी घराण्याचं हे ब्रीद. त्याची आकृती इथे ओळखून ठेवली की पुढे जागोजागी सापडत जाते.

दुसरी, आरायानेस चौक. मध्ये तीसेक मीटर लांबीचा हौद, दोन्ही बाजूंना मर्टलच्या सुवासिक झुडपांची कातरलेली कुंपणं, टोकाला पंचेचाळीस मीटरचा कोमारेस बुरूज. आत आल्या आल्या बहुतेक जण बुरुजाकडेच चालू लागतात. तुम्ही उलट करा, हौदाच्या दक्षिण टोकाला जा आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. वारा नसेल तर अख्खा बुरूज पाण्यात उलटा उतरलेला दिसतो. हौदाच्या टोकांना जमिनीलगत दोन लहान कारंजी आहेत. त्यांचं पाणी उंच उडत नाही, बुडबुडत वर येतं आणि पन्हळीतून सावकाश हौदात सरकतं. प्रतिबिंब मोडू नये एवढी काळजी त्या काळच्या कारागिरांनी घेतली आहे. खाली वाकून ती पन्हळ जरूर बघा.

बुरुजातलं राजदूतांचं दालन रात्री थोडं निराश करतं, हे आधीच सांगतो. त्याचं लाकडी छत आठ हजारांहून अधिक तुकड्यांचं आहे, त्यात सात स्वर्ग मांडलेत, पण ते इतकं उंच आहे की रात्री नीट उलगडत नाही. टाइल्सचे हिरवे-निळे रंगही दबतात. म्हणूनच दिवसा एकदा बघून या म्हणतो.

तिसरी, सिंहांचा चौक आणि त्याच्या दोन बाजूंची दालनं. एकशे चोवीस सडपातळ खांब, मधे बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर तोललेलं कारंजं. कारंज्याच्या कडेवर इब्न झमरक या दरबारी कवीची कविता कोरलेली आहे. वाहणारं पाणी आणि संगमरवर यांतलं नक्की काय वाहतंय ते कळत नाही, अशा अर्थाच्या ओळी त्यात आहेत. रात्री त्या समोर घडताना दिसतात. दक्षिणेला अबेन्सेराहेस दालन आणि उत्तरेला दोन बहिणींचं दालन. दोन्हींच्या छतांना मुकर्नास आहे, म्हणजे छोट्या छोट्या कोनाड्यांचे थर एकातून एक फुटत खाली उतरत येतात. दोन बहिणींच्या दालनात असे पाच हजारांवर तुकडे आहेत. घुमटाच्या बरोबर खाली उभं राहून थेट वर बघू नका, मान अवघडते आणि सगळं एकसारखं दिसतं. दाराशी या, तिथून तिरपं बघा. मुकर्नासची खोली तिथून कळते.

बोलायचं तर हळू. चौक लहान आहेत, एकाचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो.

८. फोटो

फ्लॅश बंद, ट्रायपॉड नाही, भिंतीला किंवा खांबाला टेकायचं नाही. फोनच्या नाइट मोडला हात काही क्षण स्थिर लागतो, तेव्हा दोन्ही कोपर छातीशी घट्ट धरा आणि श्वास सोडून मग बटण दाबा. फोनचा टॉर्च लावू नका. तो लावला की तिरप्या प्रकाशाची सगळी किमया पुसली जाते, आणि शेजारच्या वीस जणांचे डोळे दिपतात.

९. परतताना आणि जेवण

उन्हाळ्यात बाहेर पडेपर्यंत साडेअकरा होतात आणि शेवटची बस तोवर गेलेली असू शकते. जाताना थांब्यावरची वेळ बघून ठेवा. उतरण दहा-पंधरा मिनिटांची आहे, दिवे असतात, सोबत इतर लोकही उतरत असतात. एकटे असाल तर त्यांच्याबरोबरच निघा.

उन्हाळ्यात जेवून वर जा. हिवाळ्यात साडेनऊला सुटता, तेव्हा स्पेनमध्ये जेवणाची वेळ नुकती कुठे सुरू झालेली असते. ग्रानादात पेयाबरोबर एक लहान बशी खाणं, म्हणजे तापास, फुकट देण्याची पद्धत अजून टिकून आहे. शाकाहारी माणसाला इथे सावध राहावं लागतं, कारण त्या बशीत बहुधा हॅम असतं. सॅलडमध्ये न सांगता ट्यूना येतो, गारेगार साल्मोरेहो सूपवरही हॅमचे तुकडे भुरभुरलेले असतात. "सोय वेहेतारियानो" (बाई असाल तर "वेहेतारियाना") म्हणून पुरत नाही. "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून" असं पूर्ण म्हणा: मांस नको, हॅम नको, ट्यूना नको. आणि 'बेरेनहेनास कोन मिएल' मागवा. वांग्याचे कुरकुरीत तळलेले काप, आणि वर 'मिएल दे कान्या' घालून आणलेले असतील तर ती चक्क उसाची काकवी असते. अरबांनी या किनाऱ्यावर ऊस आणला, त्याची ही शिल्लक.

१०. तिकीट मिळालंच नाही तर

अधिकृत संकेतस्थळ रोज सकाळ-संध्याकाळ उघडून बघत राहा, एखाद-दुसरी जागा मधेच मोकळी दिसते. शहराचं पर्यटक कार्डही बघा, त्यात अल्हाम्ब्राचा प्रवेश धरलेला असतो. पण कोणती भेट धरली आहे ते नीट वाचून घ्या.

बाहेरून बघायचं तर समोरच्या आल्बाइसीन वस्तीतला सान निकोलास कट्टा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो फुकट आहे. तिकीट असलेल्यांनी मात्र जूनमध्ये "सान निकोलासहून सूर्यास्त, मग दहाची रात्रभेट" असा बेत करू नये. सूर्य साडेनऊनंतर मावळतो, टेकडी उतरून दुसरी चढायला चाळीस मिनिटं लागतात, वेळ हुकते. डिसेंबरात सहाला सूर्यास्त आणि आठला प्रवेश, तेव्हा हा बेत आरामात जमतो.

जून-जुलैत ग्रानादाचा आंतरराष्ट्रीय संगीत आणि नृत्य महोत्सव असतो. त्यातले काही कार्यक्रम पाचव्या चार्ल्सच्या गोल अंगणात आणि हेनेरालीफेच्या खुल्या रंगमंचावर होतात. त्यांचं तिकीट महोत्सवाच्या संकेतस्थळावर वेगळं काढायचं असतं, आणि त्या तिकिटावर नासरी महालांत जाता येत नाही.